माळ्यावरची भांडी गच्चीतल्या बागेत: कुणाला भोक पाडावं, कुणाला नाही?

मोगरा-गच्ची

गावाकडचं घर आवरलं. माळ्यावरची भांडी कुणी न्यायची यावर चर्चा झाली आणि "तुझ्याकडे गच्ची आहे ना" या एका मुद्द्यावर सगळी दोन पोती पुण्याला माझ्याकडे आली. मोडीत घालायची इच्छा नाही. बागेत वापरावीत असं डोक्यात आहे.

माल असा आहे: पितळेची दोन पातेली आणि एक मोठा गंज (कल्हई कधीच उडालेली), तांब्याचं घंगाळ, पोचे पडलेली जर्मनची (म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची) चार तपेली, इडलीपात्र, मोदकपात्राची चाळणी, नळी हललेली स्टीलची किटली, बिडाचा तवा, पुरणयंत्र, झारे-उलथनी-चमचे भरपूर, आणि लोणच्याच्या दोन चिनी बरण्या. त्यातल्या एकीला चीर गेली आहे.

नेटवर फोटो ढिगाने आहेत. किटलीतून ओघळणारी वेल, चमच्यांची फुलं, सगळं सुंदर. पण ते फोटो भांडं लावल्या दिवशीच काढलेले असतात. एक पावसाळा आणि एक मे महिना काढल्यावर त्या किटलीचं काय होतं, हे कुणी दाखवत नाही. इथे ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा. कुठल्या धातूत झाड जगतं? भोकं कशी पाडायची?

आणि एका पातेल्यावर आजीचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे. त्याला ड्रिल लावायचा धीर होत नाहीये.

कढीपत्ता

फोटो टाका आधी! वाचनखूण साठवली आहे.

पाना-पक्कड

भोकांबद्दल लिहितो, बाकीचं जाणकार लिहितील.

जर्मनचं काम सोपं. नरम असतं, जाड खिळा आणि हातोडी पुरे. फक्त भांडं उपडं घालून बाहेरून ठोकू नका. सरळ ठेवा, खाली लाकडाचा ठोकळा द्या आणि आतून बाहेर ठोका. कारण खिळा ज्या बाजूने बाहेर पडतो तिकडे भोकाला काठ येतो. तो आतल्या बाजूला आला तर तेवढं पाणी तळाशी साचून राहतं.

स्टील हा खरा वैताग. लोक ड्रिल पूर्ण वेगात फिरवतात, स्टील तापतं, तापलं की त्या जागी आणखी कडक होतं, आणि मग बिट नुसतं किंचाळत राहतं. वेग कमी ठेवा, दाब जास्त द्या, खोबरेल का होईना पण तेलाचा थेंब सोडत राहा. आधी पंचने खूण करा म्हणजे बिट घसरत नाही. ३ मिमीने सुरुवात करून मग ८ मिमीचं बिट लावा. कोबाल्टचं बिट मिळालं तर उत्तम. डोळ्यांवर चष्मा पाहिजेच.

पितळ नरम असलं तरी बिट आरपार जाताना पत्र्याला खेचतं आणि हातातलं भांडं गर्रकन फिरतं. त्यामुळे नुसत्या हाताने धरू नका, शिकंजात पकडा. बीड ड्रिल होतं, पण त्यावर हातोडी मारू नका, तडकेल. चिनी बरणीला टाइल-काचेचं डायमंड बिट लागतं. हॅमर मोड बंद ठेवायचा आणि बिटावर सतत पाणी सोडायचं.

दहा इंच बुडाच्या तपेल्याला चार-पाच भोकं हवीत. मधोमध एकच पाडलं तर काही उपयोग नाही, कारण पोचे पडलेलं बूड सपाट नसतं.

शंकासूर

मी विरोधी पक्षात बसतो. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

कल्हई उडालेलं पितळेचं पातेलं हे 'जुनं' नाही, त्याला फक्त कल्हई हवी आहे. कल्हईवाला आता गल्लीत येत नाही हे खरं, पण तुम्ही पुण्यात आहात. कसब्यात तांबट आळी आहे, तिथे अजून ठोक्याचं काम चालतं. चीर असेल तर झाळूनही मिळतं. मग ज्यात पुन्हा वरण शिजू शकतं त्याला भोक पाडून माती का भरायची?

मोडीचा भाव वजनावर असतो, भोकाने तो कमी होत नाही. पण मोडीला जाण्याआधी ते पातेलं आहे आणि भोक पाडल्यावर तो फक्त पितळेचा पत्रा आहे. ही किंमत वजनकाट्यावर दिसत नाही.

शिवाय खरं सांगू का, यातल्या बऱ्याच बागा मला बागा वाटतच नाहीत. किटलीत झाड, बुटात झाड, कमोडमध्ये झाड. झाडाकडे बघायचं की भांड्याकडे?

जास्वंद

शंकासूर, कमोडमध्ये झाड मीही पाहिलंय, हसू आवरेना. पण पितळेबद्दल तुम्हाला अनुमोदन.

बागायतदार

रत्नागिरीहून लिहितोय. तांब्याबद्दल एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

आम्ही सुपारीवरच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतो. मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. तांबं बुरशीला मारतं म्हणून तर ते वापरतात. झाडाला तांबं लागतं ते अगदी कणभर. जास्त झालं की आधी मुळं खुंटतात. घंगाळात थेट माती भरली आणि वर खतं, ताकाचं पाणी, कंपोस्टचा अर्क असलं आंबट काही घालत राहिलात, की तांबं सुटून मातीत उतरणारच. तांब्या-पितळेत दही कळकतं तेव्हा जे होतं तेच इथे हळूहळू होतं.

म्हणून तांब्या-पितळेच्या आत साधी प्लास्टिकची किंवा मातीची कुंडी ठेवायची. भांडं नुसतं वरचं आवरण. भोक पाडायला नको आणि झाडही सुरक्षित. फक्त दोन्हींच्या मध्ये साठलेलं पाणी ओतून टाकायला विसरायचं नाही. आणि पावसाळ्यात अशी भांडी उघड्यावर ठेवायचीच नाहीत, त्यांचा हौद होतो.

दुसरं, खायची पालेभाजी जुन्या पितळेत लावू नका. पितळेत शिसं असू शकतं, जुन्या कल्हईचाही भरवसा नाही. तिथे शोभेचं लावा. कोथिंबीर-मेथीला जर्मनचं तपेलं किंवा मातीची कुंडी बरी.

वऱ्हाडी ठेचा

पुण्यावाल्यांनी उन्हाबद्दल बोलूच नये बाप्पा. 😀 आमच्या चंद्रपुरात पारा ४५च्या वर जातो. पश्चिमेच्या भिंतीशी स्टीलचा डबा ठेवला तर दुपारी त्याला हात लावता येत नाही. आतल्या मुळांचं काय होत असेल? मुळं नेहमी कडेला, पत्र्याला चिकटून वाढतात. म्हणजे सगळ्यात आधी तीच भाजतात.

इकडे आम्ही करतो ते सांगतो. पत्र्याच्या भांड्यात एक साइज लहान कुंडी ठेवायची आणि मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या कोंबायच्या. पाणी दिलं की शेंड्या ओल्या राहतात, आतलं गार राहतं. भांडं विटांवर ठेवायचं, गच्चीच्या लादीवर नाही. आणि पूर्वेकडे ठेवायचं. सकाळचं ऊन घ्यावं, दुपारी सावलीत. हे जमत नसेल तर स्टील फक्त टांगायच्या शोभेला वापरावं, लागवडीला नाही.

चकचकीत स्टील उन्हात ठेवलं की त्याची तिरीप शेजारच्या पानांवर पडते, तीही जाळते. हे मी मिरचीवर पाहिलंय.

गवती चहा

मला हा विषय फार जवळचा आहे, त्यामुळे लांबड लागणार.

आज याला अपसायकलिंग म्हणतात, पण गिरगावातल्या आमच्या चाळीत प्रत्येक कठड्यावर डालड्याचा किंवा गोडेतेलाचा रिकामा डबा होता आणि त्यात तुळस, पानओवा, नाहीतर गवती चहा. (आयडीचं मूळ तेच.) डबा कुणी रंगवला नाही, फोटो काढला नाही. गंजून बूड गळालं की दुसरा डबा यायचा. कुंडीला पैसे घालवणं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

आता मोठं उदाहरण. चंदीगडचं रॉक गार्डन बहुतेकांनी पाहिलं असेल. नेक चंद तिथे सरकारी बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नवं शहर उभारताना पाडलेल्या गावांतला माल, फुटक्या कपबश्या, बांगड्या, वॉशबेसिनचे तुकडे, असलं सगळं ते सायकलवरून जंगलातल्या एका जागेत नेत राहिले आणि त्याच्या मूर्ती करत राहिले. जागा सरकारी, परवानगी कुणाची नाही, आणि हे सगळं १९५७-५८ पासून वर्षानुवर्षं गुपचूप. सापडल्यावर ते पाडून टाकण्याऐवजी १९७६ मध्ये लोकांसाठी खुलं केलं आणि त्यांना पगार देऊन तेच काम करायला बसवलं. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली.

तिथे गेल्यावर जाणवतं ते हे की त्यांनी फुटकं तेच घेतलं. अख्खी कपबशी फोडून मूर्तीला लावलेली नाही. शंकासूर म्हणतात त्या वादाचं उत्तर मला तिथे मिळालं. ज्याचं काम संपलंय ते बागेत, ज्याचं उरलंय ते घरात.

उलट टोक बघायचं तर सुबोध गुप्ता. स्टीलच्या डबे-ताटं-बादल्यांचीच शिल्पं करतात. २००६ मध्ये त्यांनी भांड्यांची एक प्रचंड कवटी केली, ती पुढे व्हेनिसला कालव्याच्या काठावर ठेवली होती. आपल्या मोरीतली भांडी तिथे! गच्चीत तसं काही करा असं म्हणत नाही, पण स्टीलचं तेज मातीबरोबर दिसतं त्यापेक्षा नुसतं, एकगठ्ठा जास्त चांगलं दिसतं, हे त्यावरून लक्षात आलं.

मोगरा-गच्ची, तुमच्या यादीत सगळ्यात भारी वस्तू इडलीपात्र आणि मोदकपात्राची चाळणी. त्यांना भोकं आहेतच! रोळी, चाळणी, झारा, मोडकी किसणी, सगळी मंडळी जन्मतःच तयार. इडलीच्या एकेका वाटीत बोटभर माती बसते, म्हणजे सेडमसारख्या छोट्या मांसल पानांच्या झाडांना पुरते. चार मजले, मधली दांडी, टांगायची सोय. चाळणीत काथ्या अंथरून चिनी गुलाब लावा, उन्हाळाभर फुलेल.

शंकासूर

डालड्याचा डबा मान्य. तो भांडं नव्हताच कधी. नेक चंदही मान्य.

टेक्सासची तुळस

इकडे जुन्या वस्तूंच्या दुकानांत चिनी मातीची भांडी स्वस्तात मिळतात आणि एकावर एक चिकटवून लोक त्यांचे बागेत खांब करतात. माझ्याकडे आहे एक. इकडे थंडीत अधूनमधून गोठतं तेव्हा एकच काळजी घ्यावी लागते. बरणीत पाणी राहिलं आणि बर्फ झाला की ते नऊ टक्के फुगतं आणि बरणी फुटते. महाराष्ट्रात तो प्रश्न नाही, तेवढं सुख.

चिरलेल्या बरणीबद्दल: भोक पाडायला जाऊ नका, चीर वाढत जाईल. मातीत निम्मी आडवी पुरा आणि तोंडातून वेल बाहेर सोडा. चीर खाली गेली की पाण्याचा निचरा तीच करते.

जास्वंद

आता माझ्या नोकरीतला विषय. मी आरोग्य विभागात आहे आणि पावसाळ्यात घरोघर डासांच्या अळ्या शोधायला जाते. आम्हाला सर्वात जास्त काय सापडतं? टायर आणि कुंडीखालच्या ताटल्या. त्यात आता अशी शोभेची भांडी आली आहेत.

डेंगीचा डास, म्हणजे एडिस, गटारात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आम्ही सांगतो. पण नुसतं पाणी ओतणं पुरत नाही. मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणून काथ्याने आतून घासायचं. रोज भांडी घासणाऱ्यांना हे अवघड नाही. 😀

टांगलेली किटली, उभे ठेवलेले पेले, वाऱ्यावर वाजणाऱ्या वाट्या, सगळी एकतर उपडी टांगा नाहीतर तळाला भोक पाडा. घंगाळात कमळ वगैरे लावणार असाल तर गप्पी मासे सोडा, ते बऱ्याच ठिकाणी आरोग्य विभागातून फुकट मिळतात. पण तांब्याच्या पाण्यात मासे जगणार नाहीत, तेव्हा आत दुसरं टब हवंच.

बागायतदार

जास्वंदताई, +१. आमच्याकडे तर चार महिने कोरडा दिवसच नसतो.

गप्पी माशांवरून आठवलं. गोगलगाय तांब्याला घाबरते म्हणून कुंडीला तांब्याची पट्टी लावा असं खूप जण सांगतात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये लेट्यूसवर हे तपासलं. तांब्याची पट्टी, अंड्याची टरफलं, खडी, काहीच लावलं नव्हतं तिथे जितकं खाल्लं तितकंच सगळीकडे खाल्लं होतं. तेव्हा त्यासाठी घंगाळ कापू नका. रात्री बॅटरी घेऊन वेचणं हाच उपाय.

आणि गच्चीवाल्यांना एक जुनी युक्ती. वैशाखात तुळशीवर गळती लावतात ना? तिवईवर बुडाला बारीक छिद्र पाडलेलं भांडं, छिद्रात दर्भाची काडी किंवा कापसाची वात, आणि थेंबथेंब पाणी. हे झालं घरगुती ठिबक सिंचन. जुना गडू किंवा तांब्या असेल आणि तो मुळातच गळका असेल, तर त्याला याहून चांगलं काम नाही. वात घट्ट-सैल करून थेंब कमी-जास्त करता येतात. दोन दिवस गावाला जाताना मी मिरीच्या नव्या वेलींना असंच लावतो.

कढीपत्ता

रंगाचं कुणीतरी लिहा ना. मला वारली काढायची आहे जर्मनच्या तपेल्यावर.

पाना-पक्कड

तेलकटपणा आधी सोड्याने धुवून काढा. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवा. गुळगुळीत जर्मन किंवा स्टीलवर थेट रंग लावला तर पहिल्या पावसात पापुद्रे निघतात. दुकानात एच (etch) प्रायमर मागा, त्यावर एनॅमल. रेड ऑक्साइड लोखंडासाठी, इथे त्याचा उपयोग नाही. वारली अ‍ॅक्रिलिकने काढली तर वर बाहेरच्या वापराचं व्हार्निश मारा. आतून रंगवू नका.

आणि पितळ बाहेर ठेवून ते लखलखीत राहील ही आशा सोडा. चिंच-मीठ लावून चमकवलंत तरी पंधरा दिवसांत काळपट होणार. मला तर तो काळपट-हिरवट रंगच पानांमध्ये चांगला वाटतो.

वऱ्हाडी ठेचा

चमच्यांचं विंड चाइम करणाऱ्यांनी शेजाऱ्यांची परवानगी घ्यावी. आमच्या वरच्या मजल्यावर स्टीलच्या चमच्यांचं आहे. वावधान सुटलं की लग्नाची पंगत उठल्यासारखा आवाज होऊन राहते.

गवती चहा

😂 पितळी वाट्या घ्या, खोल आवाज देतात. आणि त्या तीनच असू द्या.

चमचे वाजवण्यापेक्षा त्यांचा सरळ उपयोग म्हणजे नावाच्या पाट्या. चमचा हातोडीने चपटा करायचा, अक्षरांचे ठसे घेऊन 'तुळस', 'ओवा', 'पुदिना' ठोकायचं, दांडी मातीत. पावसात न पुसणारी पाटी दुसरी नाही. कायमच्या मार्करने लिहिलेल्या पाट्या उन्हात उडून जातात, मग टोमॅटो आणि वांग्याची रोपं ओळखण्याचा खेळ सुरू होतो.

मोगरा-गच्ची

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रविवारी भावाला बोलावून वाटणी केली, बागेची आणि घराची.

गंज आणि एक पातेलं कल्हईला तांबट आळीत गेलं. शंकासूर, समाधान झालं? नावाचं पातेलंही त्यांनी बघितलं, म्हणाले बूड पातळ झालंय, शिजवायला नको. तेव्हा ते दाराशी राहील, आत कुंडी ठेवून. नाव पुढच्या बाजूला. भोक नाही. घंगाळ दिवाणखान्यात, पाण्यावर मोगरा सोडायला. पाणी रोज बदलेन, जास्वंद, काळजी नसावी.

जर्मनच्या चारही तपेल्यांना आतून बाहेर भोकं पाडली. भाऊ खिळा-हातोडी घेऊन बसला आणि खालच्या मजल्यावरून दोनदा विचारणा झाली. त्यात गवती चहा, पानओवा, पुदिना आणि कोथिंबीर. तळाशी खडी घालू का, असं तो विचारत होता.

बागायतदार

खडी नको. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे, माती वाहून जाऊ नये म्हणून. खडीचा थर दिला की पाणी झटकन खाली जातं असं वाटतं, पण मातीतलं पाणी खडीच्या वरच अडतं. ओला भाग तसाच राहतो, फक्त मुळांच्या आणखी जवळ येतो. तपेलं आधीच उथळ आहे. त्यापेक्षा मातीतच कोकोपीट आणि थोडी जाड वाळू मिसळा.

जास्वंद

बिडाच्या तव्याचं काय केलं? पक्ष्यांना पाणी ठेवायला उत्तम आहे. उथळ, जड, वाऱ्याने उडत नाही, आणि खडबडीत असल्याने पाय घसरत नाहीत. स्टीलच्या ताटात चिमण्या उभ्याच राहत नाहीत. इंच-दीड इंचाहून जास्त पाणी नको आणि मध्ये एक दगड ठेवा. गंजेल, पण पक्ष्यांना चालतं. सावलीत ठेवा.

मोगरा-गच्ची

तवा तिथेच जाणार मग. इडलीपात्र शेडखाली टांगलं आहे, पावसात ती मांसल झाडं कुजतील असं रोपवाटिकेत सांगितलं. किटलीत मनी प्लँट, नळीतून नाही, वरूनच. नळीला एक मुंगळ्यांची वसाहत निघाली.

आता उरलं पुरणयंत्र. पितळेचं आहे, दांडा नीट फिरतो, जाळ्या दोन. कढीपत्ता म्हणते त्यात निवडुंग लाव.

कढीपत्ता

हँडल फिरवलं की निवडुंग फिरेल! विचार करा.

शंकासूर

अहो थांबा! जाळ्या बारीक आहेत का जाड? आमच्या घरी होळीच्या आदल्या दिवशी मिक्सरमधलं पुरण खाऊन वडील दर वर्षी तेच तेच ऐकवतात. मी कोथरूडला आहे, येऊन घेऊन जातो. व्यक्तिगत निरोप केलाय, बघा.

मोगरा-गच्ची

एक बारीक, एक जाड. बुधवारी संध्याकाळी या. आणि येताना तुमच्याकडचं शंकासुराचं बी असेल तर घेऊन या, लाल नको, पिवळ्याचं.